समोरच्याची गाडी

त्याच्याबरोबर कॅरम खेळायला सुरतेच्या गोडादऱ्यात कोणी बसायचं नाही. तो फार चांगला खेळायचा म्हणून नव्हे. समोरचा राणी घ्यायला वाकला, की हा त्याचा हात धरायचा आणि सांगायचा, तिथून जाणार नाही, इकडच्या कडेने मार. समोरचा तसा मारायचा, राणी जायची, हा खुशीत मान डोलवायचा. जिंकलेल्या माणसाचं तोंड मात्र कडू व्हायचं. सोसायटीच्या मैदानात क्रिकेट चालायचं, तिथेही तेच. बॅटची कड लागलेली कुणाला ऐकूही आली नसायची, गोलंदाज परत चालू लागलेला असायचा, आणि हा बॅट काखेत धरून बाहेर निघायचा. त्याच्याच बाजूची पोरं त्याला शिव्या घालायची. तेव्हापासून त्याचं नाव पंच पडलं. पुढे त्याचं खरं नाव त्याच्या बायकोशिवाय कुणी घेतलं नाही, आणि तीही रागावली की पंचच म्हणायची.

असा हा माणूस पोटासाठी मोटरसायकलच्या शर्यती मारायचा.

तेव्हा सुरतेत मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींना बरे दिवस होते. भेस्तानच्या पुढे मोकळ्या जमिनीवर जेसीबी लावून उंचवटे घालायचे, टँकरने पाणी मारायचं, वळणांवर वाळूच्या गोण्या रचायच्या. लूमवरचे, मार्केटमधले, हिऱ्याच्या कारखान्यातले लोक रविवारी लोटायचे. मोठ्या दुकानांचे मालक आपापल्या टीम ठेवायचे. आमच्या शेठचं मोटरसायकलचं दुकान होतं. पंच त्याचा पगारी रायडर आणि मी मेकॅनिक. मी वयाने त्याच्या बापाच्या बरोबरीचा, पण गावं जवळची, मी पारोळ्याकडचा, तो अमळनेरकडचा, म्हणून तो मला दादा म्हणायचा.

चालवायचा मात्र असा, की माझ्यासारख्या माणसाला गाडीची काळजी राहायची नाही. बाकीचे रायडर शर्यत संपवून आले की गाडी कत्तलखान्यातून आल्यासारखी दिसायची. याच्या गाडीच्या क्लच प्लेटा हंगामभर टिकायच्या. वळणात दुसऱ्याला आतून दाबायचा, कोपर लावायचा, जागा सोडायचा नाही. नियमात बसेल तेवढं सगळं करायचा. त्याला जिंकायचंच नसायचं, असं आता लोक म्हणतात, ते खोटं आहे. कॅरममध्ये हरून खूश होणारा हा माणूस शर्यत हरला की घरात कुणाशी बोलायचा नाही. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायच्या, तर हा त्यांच्या शेजारी बसून मुकाट्याने टिकल्या चिकटवत राहायचा, आणि त्याही वाकड्या.

पण शर्यत सुरू होण्याआधी त्याचं जे काही चालायचं, त्याने माझं डोकं फिरायचं.

त्याची एक रीत होती. फायनलच्या आधी दोन्ही टीमच्या मेकॅनिकांनी गाड्या बदलून तपासायच्या. समोरच्याच्या मेकॅनिकने आमची गाडी बघायची, मी समोरच्याची. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता, याच्या डोक्यातून निघालेला होता. स्वतःच्या हाताने लावलेला नट सैल असला तरी आपल्या डोळ्यांना घट्टच दिसतो, असं त्याचं म्हणणं. आणि तपासणी नुसती करून चालायची नाही, मोठ्याने बोलून करायची. चेन, आहे. ब्रेकची केबल, आहे. मागच्या एक्सलची पिन, आहे. हा शेजारी उभा राहून ऐकायचा. मी त्याला विचारलं होतं, की समोरच्याची पिन पडली तर आपल्याला काय रे. तर म्हणाला, "दादा, हरवायचं तर धडधाकट माणसाला हरवावं. मोडक्याला काय हरवायचं."

ऐकायला हे छान वाटतं. ज्याला रात्रंदिवस खपून गाडी बांधायची असते आणि मग आपल्याच हाताने दुसऱ्याची गाडी नीट आहे ना ते बघावं लागतं, त्याला विचारा.

इतर टीम सुरुवातीला हसल्या. पण याच्यामुळे फुकटात एक जादा मेकॅनिक मिळतो म्हटल्यावर सगळे तयार झाले. त्यात सगळ्यात पुढे भेस्तानचा हितेश. वडिलांचा कापड रंगवायचा कारखाना, अंगावर बाहेरून मागवलेला रेसिंग सूट, वय पंचापेक्षा बरंच कमी आणि डोकं कायम तापलेलं. दोन हंगाम पंच आणि हितेश हेच पहिले-दुसरे यायचे. शर्यतीआधी पंच ग्लव्ह काढून हात पुढे करायचा. हितेश बघून न बघितल्यासारखं करायचा. पंच हात तसाच धरून उभा राहायचा, इतका वेळ, की शेवटी लोक हसू लागायचे आणि हितेशला हात मिळवावाच लागायचा. "काका, आ माणस गांडो छे," असं तो मला गुजरातीत ऐकवायचा. मी पंचाची बाजू घ्यायचो नाही. वेडा आहे हे मलाही पटत होतं.

रस्त्यावर तर त्याच्या मागे बसणं म्हणजे शिक्षा. पर्वत पाटियाच्या चौकात हवालदार नसला, सगळी दुनिया लाल दिव्यातून निघून गेली, तरी हा थांबून राहायचा. मागचे रिक्षावाले हॉर्न मारून आमची आई-बहीण काढायचे. बायका स्कूटीवरून आम्हाला मागे टाकून जायच्या. पोटासाठी शर्यत मारणारा माणूस, आणि रस्त्यावर भाजीच्या गाडीमागून शांतपणे जाणार. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, की दादा, घरात भांडण झालं तर माझी बाजूही तेच मांडतात, मी बोलू काय?

त्या फायनलच्या आधीची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा वैताग कळेल. उपांत्य फेरीत टँकरवाल्याने एका वळणावर जास्त पाणी सोडलं होतं. वरून माती सुकी दिसायची, खाली चिखल. सकाळी पायी ट्रॅक फिरताना ते फक्त पंचाच्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, देवाने दिलं. आणि सुरुवातीच्या रांगेत हा हेल्मेटची काच वर करून हितेशला सांगतो, डावीकडच्या वळणाला आतून जाऊ नकोस, खाली ओलं आहे. हितेश बाहेरून गेला आणि पहिला आला. आम्ही दुसरे. शेठने मला दुकानात बोलावून विचारलं, की मी रायडर ठेवलाय की धर्मशाळा काढलीय. फायनल गेली तर टीम बंद, हेही त्याने सांगितलं.

त्या फायनलवर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. मोटरसायकलच्या एका मोठ्या कंपनीचे लोक बघायला येणार होते. जिंकेल त्याला त्यांच्या टीममध्ये घेणार, पुण्यात सराव, देशभर शर्यती. पंचाची पस्तिशी उलटली होती. यानंतर त्याला कोणी विचारणार नव्हतं, हे त्याला, मला, वहिनींना, सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी वहिनींनी पुण्यातल्या थंडीबद्दल मला दोनदा विचारलं.

फायनलच्या सकाळी नेहमीसारखी गाड्यांची अदलाबदल झाली. मी हितेशच्या गाडीपाशी बसलो. चेन बघितली, मोठ्याने बोललो. केबल बघितली, बोललो. मागच्या एक्सलच्या नटाच्या भोकात पिन नव्हती.

पिन म्हणजे तारेचा एक वाकवलेला तुकडा. नट फिरून सुटू नये म्हणून लावतात. घाईत चाक बदललं की ती राहून जाते, माझ्याकडूनही राहिली आहे. मी बोट लावून खात्री केली. नट घट्ट होता. मी मनात म्हटलं, शर्यतीपुरता टिकेल. नाही टिकला तर चाक डगमगेल, गाडी बाहेर काढावी लागेल, एवढंच. हितेशचा मेकॅनिक आमच्या गाडीपाशी होता. पंच माझ्या मागे उभा होता. मी पिनचं नावच घेतलं नाही. पुढचं बोललो आणि उठलो.

हे मी विसरलो म्हणून झालं नाही. मला कंटाळा आला होता, राग आला होता, आणि एकदा तरी आपण जिंकावं असं वाटत होतं. पंधरा-सोळा वर्षांत मी स्वतःला खूप कारणं सांगितली. ती इथे लिहीत नाही.

शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या तेव्हा हितेश पुढे, पंच त्याच्या मागच्या चाकाला चिकटलेला, आणि त्या दोघांच्या मागे गोडादऱ्याचाच भिकन. भिकन दिवसा लूमवर काम करून शर्यती मारायचा. ट्रॅकच्या टोकाला सगळ्यात मोठा उंचवटा होता, तिथे गाडी माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी उडायची. त्याच्या अलीकडे एक आवळ वळण. त्या वळणात पंच आतून घुसला. लोकांना वाटलं, पुढे काढतोय. पण त्याने गाडी पुढे काढलीच नाही. हात उडवत काहीतरी ओरडला, हितेशने लक्ष दिलं नाही, तेव्हा आपली गाडी सरळ त्याच्यावर घातली आणि दोघंही गोण्यांवर आदळले. भिकन बाजूने निघून गेला.

हितेशने उठून हेल्मेट काढलं आणि त्याच हेल्मेटने पंचाला मारलं. भुवई फुटली. पंच त्याला हाताने गाडी दाखवत होता, पण तिकडे बघतं कोण. लोक धावले, मार्शल धावले. त्या गर्दीतून हितेशच्या मेकॅनिकने गाडी उचलून लोटत आपल्या तंबूत नेली. मी मागून गेलो. नट पडून गेला होता, एक्सल चाकातून बोटभर बाहेर आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो काही बोलला नाही. दुसरा नट काढून लावू लागला. मीही बोललो नाही आणि परत आलो.

मंडपात तिघा पंचांनी, म्हणजे खऱ्या पंचांनी, त्याला बोलावलं. मुद्दाम पाडलंस का, विचारलं. मला वाटलं, आता सांगेल. याने भुवईवर रुमाल धरून सांगितलं, की हो, पाडलं, माझी चूक झाली. कारण विचारलं तर गप्प. दोन वर्षांची बंदी घातली. ट्रॉफी भिकनने नेली, पण कंपनीच्या लोकांच्या डोळ्यांत पुढे असताना पाडलेला हितेशच भरला होता; ते त्याच्याशी हात मिळवून गेले, पुढे त्याला घेतलंही. शेठने पंचाला संध्याकाळीच काढून टाकलं. माझी नोकरी मात्र राहिली, कारण टीम बंद झाली तरी दुकानात मेकॅनिक लागतोच.

गाडी टेंपोत घालून आम्ही परत निघालो. मी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाला, तो मेकॅनिक नव्याने लागलाय, घरात दोन लहान मुली आहेत, हितेशच्या बापाने त्याला उभा जाळला असता. आपलं काय, दोन वर्षं जातील. उधनाच्या पुलावर टेंपो अडकला, तेव्हा माझ्याकडे न बघता घरच्या भाषेत म्हणाला,

"दादा, तुमले दिखनं व्हतं ना?"

मी पुलावरच्या गाड्यांकडे बघू लागलो. त्याला तेवढं पुरलं.

"पिनचं नाव तुम्ही घेतलं नाही, ते मी ऐकलं," तो म्हणाला. "मला वाटलं, विसरलात. विचारायला पाहिजे होतं मी. चूक माझीच आहे."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हे असं वागून त्याने मला पंधरा-सोळा वर्षं अडकवून ठेवलं. माणसाला एकदा रागावून मोकळं करता येतं, एवढी साधी गोष्ट त्याला कधी कळली नाही.

पुढे गोडादऱ्यात पसरलं, की पंचाने शर्यत विकली. भिकन गल्लीतलाच, तेव्हा त्याच्याकडून पैसे खाऊन हितेशला पाडलं. चहाच्या टपरीवर लोक त्याला तोंडावर विचारायचे, किती मिळाले. हा म्हणायचा, भिकन चांगला चालवतो, त्याला पैसे द्यायची गरज काय. म्हणजे उत्तर द्यायचं सोडून भिकनचीच बाजू. बंदी संपेपर्यंत त्याचं वय निघून गेलं होतं. त्याने गल्लीत छोटं गॅरेज टाकलं, तिथे अजून बसतो. गिऱ्हाईक कार्बोरेटरचं काम घेऊन आलं, तर त्याला समोरच्या गॅरेजमध्ये पाठवतो, कारण त्या माणसाचा हात कार्बोरेटरवर जास्त चांगला आहे. वहिनी अजून टिकल्या चिकटवतात.

मीही कधी बोललो नाही. नोकरी होती तोवर नोकरीसाठी, आणि नंतर इतके दिवस गेले म्हणून.

यंदा हितेशने पर्वत पाटियाजवळ मोटरसायकलचं मोठं शोरूम काढलं. उद्घाटनाला जुन्या सगळ्या रायडरांना बोलावलं, आम्हालाही. माइक हातात घेऊन त्याने जुने किस्से सांगितले, आणि त्यात तो किस्साही सांगितला. एका माणसाने मला उडीच्या आधी पाडलं, कारण त्याला हरणं जमत नव्हतं, आणि आज तो इथे बसून माझा ढोकळा खातोय. त्याच्या बोलण्यात फार वाईट काही नव्हतं, जुन्या भांडणाची गंमत करतात तसं होतं. लोक हसले. माझ्या शेजारी बसलेला पंचही हसला, आणि टाळ्याही वाजवल्या. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटा शोरूममध्ये गेलो आणि हितेशला सगळं सांगितलं. मेकॅनिकचं नाव घेतलं नाही, पण त्याला कळलंच. तो मला हाकलून देईल या तयारीने मी गेलो होतो. त्याने काचेचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "काका, मैंने उसको हेल्मेट से मारा था."

मी म्हटलं, हो.

"और वो हंस रहा था कल."

लगेच उठला, मला गाडीत घातलं, गोडादऱ्यात आणलं. गॅरेजसमोर उभा राहिला आणि त्याला हात पुढे करता येईना. पंचाने हात पुसले आणि आपणच हात मिळवला. हितेश म्हणाला, की मोठा कार्यक्रम करतो, सगळ्यांना परत बोलावतो, माइकवरून सांगतो, ती ट्रॉफी तुझीच होती.

इथे सगळं सरळ झालं असतं. पण हा म्हणाला, "ट्रॉफी माझी कशी? तू पुढे होतास. आणि जिंकला भिकन. त्याने कोणाचं काय बिघडवलं? नीट चालवत आला आणि पहिला आला. आता तुम्ही माइकवर सांगणार, की दोघं पडले म्हणून तो जिंकला. त्याच्या पोरांनी काय ऐकायचं?"

मी डोकं धरलं. आयुष्यभराचा ठपका पुसायची वेळ आली, आणि याला तिसऱ्याच्या ट्रॉफीची पडली होती. मी त्या दिवशी त्याच्यावर ओरडलो. तेवढा हक्क मला नाही हे माहीत असून ओरडलो. तो म्हणाला, आधी भिकनला विचारा, तो हो म्हणाला तर बघू.

भिकन आता लूमवर नाही, त्याची स्वतःची एम्ब्रॉयडरीची दोन मशीन आहेत. ट्रॉफी टीव्हीच्या शेजारी ठेवलेली होती, पुसून. त्याने सगळं ऐकून घेतलं. मशीन बंद केली, पाणी दिलं. म्हणाला, मी मागून बघत होतो, चाक वाकडं चाललेलं मलाही दिसत होतं. मी वेग कमी केला नाही. तुम्ही लिहा सगळं. "पण दादा, मी लांब नव्हतो," तो म्हणाला. "एका गाडीच्या अंतराने तिसरा होतो. ते बी लिहा."

कार्यक्रम नको, असं पंचाने शेवटी ठरवून टाकलं. लिहायचं असेल तर लिहा म्हणाला, आणि त्यातही मेकॅनिकचं नाव नको. म्हणून मी लिहायला बसलो. हे सगळं त्याला गॅरेजमध्ये बसून वाचून दाखवलं. कॅरमचं ऐकून हसला, वहिनींचं ऐकून लाजला. शेवटी मी असं लिहिलं होतं:

त्या फायनलमध्ये हितेश पहिला होता, पंच दुसरा, आणि भिकन एका गाडीच्या अंतराने तिसरा. हितेशच्या मागच्या एक्सलला पिन नव्हती. ते मी बघितलं आणि बोललो नाही. पंचाने शर्यत विकली नाही. त्याने हितेशला उंचवट्याच्या आधी पाडलं, म्हणून हितेश आज जिवंत आहे.

शेवटचं वाक्य काढा, असं तो म्हणाला. का, विचारलं. म्हणाला, "ते नक्की कुणाला माहीत आहे? हितेशचा हात चांगला होता. कदाचित त्याने तसंही पार केलं असतं."

एक्सल बोटभर बाहेर आलेली गाडी त्या उंचवट्यावरून उतरताना काय होते, ते मला माहीत आहे. माझा जन्म त्यात गेला. मी त्याला सांगितलं, की बाकी तू म्हणशील ते काढतो, हे काढणार नाही. तो बराच वेळ वाद घालत बसला, एक गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. शेवटी म्हणाला, निदान 'कदाचित' तरी घाला.

घातलेलं नाही.